आडवा हात

सोसायटीच्या जेवणात मी एका माणसाच्या हातावर गरम जिलबी वाढली. ताट झाकायला त्यांनी आडवा धरलेला हात मला दिसत होता, तरीही वाढली. वर म्हणालो, "अहो, एवढ्या देहात एक जिलबी कुठे दिसणार आहे?" सगळी पंगत हसली. शर्ट बाहेर सोडून स्वतःचं पोट झाकणारा मीही हसलो.

हे गृहस्थ आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतात. देह अवाढव्य, आवाज बारीक. लिफ्ट असूनही जिन्याने चढतात. धाप लागली की खिडकीशी थांबून खाली लावलेल्या गाड्यांना नावं ठेवतात. "ही स्कूटर लावलीय की टाकून दिलीय?" श्वास जागेवर आला की पुन्हा चढू लागतात.

त्या दिवशी ते पाकाचा हात घेऊन उठले. नळाशी बोटं धुताना मला शांतपणे म्हणाले, "साखर वाढलीय, गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टर म्हणतात, वजन उतरलं तर यातलं बरंच आटोक्यात येईल. उतरवतोय मी. आपण आग्रह केला नाहीत, तरी पुष्कळ मदत होईल."

पुढच्या जेवणातही वाढायला मीच होतो. त्यांचा हात आडवा आला. मी जिलबीचं ताट मागे घेतलं आणि तिथेच थांबलो.

"काय हो, कोशिंबीर संपली का?" त्यांनी विचारलं.

"आणतो. पण आधी एक सांगायचंय," मी मोठ्याने म्हणालो. "तुम्हाला पंगतीसमोर बोललो होतो, म्हणून माफीही पंगतीसमोरच मागतो. माझं चुकलं."