पिवळ्या दिव्याच्या ताई

"मंग? सांगतलं कोनाले?"

ऑफिसात कुणाच्याही हातून काही बिघडलं की ताई चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि एवढंच विचारायच्या. कुणी बिघडवलं हे विचारायच्या नाहीत. कसं बिघडलं हेही नंतर. आधी हे, की ज्याला कळायला हवं त्याला कळलं का. प्रिंटरमध्ये कागद अडकलेला असो, नाहीतर एखाद्या जिनिंगमध्ये बसवलेलं आमचं यंत्र बंद पडलेलं असो, प्रश्न तोच आणि आवाजही तोच. नव्या माणसाला रागावून घेणं परवडायचं, पण हा शांत प्रश्न जड जायचा.

आमचं ऑफिस खामगावात, मोटार वाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. कापसाच्या जिनिंग कारखान्यांसाठी आम्ही आगीची आगाऊ सूचना देणारी यंत्रं बनवायचो. कापसाची गंजी आतल्या आत तापते, बाहेरून पांढरीशुभ्र दिसते आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गंजीत सेन्सर खोचायचे, त्यांच्या तारा भिंतीवरच्या पेटीत आणायच्या. पेटीत आमचा प्रोग्रॅम आणि पेटीच्या तोंडावर एक छोटा स्क्रीन. तो प्रोग्रॅम ताईंचा. त्या मूळच्या पिंपळगाव राजाच्या, पुण्यातल्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून परत आलेल्या. मी धामणगाव बढ्याचा, इंजिनिअरिंग करून त्यांच्या हाताखाली लागलो. पुण्याहून परत का आलात, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "काऊन म्हन्जे? घरी याले कारन लागते का बे?"

आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो ती यंत्राच्या अगदी जवळची आणि स्वभावाने कडक. त्या भाषेत सेन्सरला तापमान विचारलं तर सरळ आकडा हातात येत नाही. बंद पाकीट आल्यासारखं असतं. आत एक तर आकडा, नाहीतर चूक. चूक निघाली तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय आकडा वापरता येत नाही. पण एक पळवाटही आहे. 'आत आकडाच आहे, दे मला' असं एका शब्दात सांगून मोकळं होता येतं. मग आत चूक निघाली, तर प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो.

हा एक शब्द दिसला की ताईंचे डोळे बारीक व्हायचे. "हे काऊन लिवलं?"

"ताई, इथं चूक येऊच शकत नाही." हे उत्तर आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी दिलेलं आहे.

त्या वाद घालायच्या नाहीत. उठून टेबलावरच्या पेटीपाशी जायच्या आणि सेन्सरची तार उपटायच्या. स्क्रीन काळा व्हायचा. "आता? उंदरानं तार कुरतडली तं तो तुले विचारून कुरतडन का?" असं म्हणून तार परत खोचायच्या आणि चहा सांगायच्या. आम्ही हसत हसत तो शब्द खोडायचो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी एकाच गोष्टीच्या मागे लागतात आणि आजूबाजूच्यांना आधी त्याचा कंटाळा येतो. ताईंचा असा हट्ट म्हणजे, चूक झाली तर तिचं नीट वर्णन हवं. चूक तिथे न हाताळता प्रोग्रॅमच्या वरच्या भागाकडे पाठवायची तर त्या भाषेत एक प्रश्नचिन्ह टाकलं की भागतं. ताईंना ते पुरायचं नाही. मी एकदा नुसतं 'वाचता आलं नाही' असं वर पाठवलं. त्यांनी मान वळवून विचारलं, "काय वाचता आलं नाही? पेपर?" मग कोणता सेन्सर, कोणत्या गंजीतला, काय करताना अडलं, हे सगळं त्यात घालेपर्यंत त्यांनी मला जेवायला उठू दिलं नाही.

जळगाव जामोदकडच्या एका जिनात, म्हणजे जिनिंग कारखान्यात, आमची पेटी बसली तेव्हा स्क्रीनवर इंग्रजीत 'एरर' आणि पुढे एक नंबर यायचा. ताई एक दिवस तिथे जाऊन बसल्या. जिनाच्या फिटरला विचारलं, रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उचलणाऱ्या बायांना विचारलं, की हे दिसल्यावर तुम्ही काय करता. एक बाई म्हणाली, "काय करतो? फिटरभाऊले हाक मारतो." फिटर म्हणाला, "मी बंद करून चालू करतो."

ताईंनी तिथेच बसून सगळे संदेश मराठीत लिहून काढले. पहिल्या खेपेला त्यांनी 'तापमापक' लिहिलं होतं. फिटरने मान खाजवली. "ताई, हे कोन? आमच्या इथं तं सेन्सर हाये." ताईंनी लगेच ते बदललं. शेवटी स्क्रीनवर यायला लागलं ते असं: 'तिसऱ्या गंजीचा सेन्सर उत्तर देत नाही. गंजी किती गरम आहे हे मला माहीत नाही. हात लावून पाहा.' प्रोग्रॅमने 'मला माहीत नाही' म्हणावं, हे आम्हा पोरांना फार गमतीचं वाटलं होतं.

त्या जिनाच्या शेठला मात्र ते मुळीच गमतीचं वाटलं नाही. हंगाम जोरात होता, गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या हादऱ्याने तारा ढिल्या व्हायच्या आणि प्रत्येक वेळी पेटीची घंटा वाजायची. कापूस घेऊन आलेले लोक दचकायचे. शेठ स्वतः खामगावला आले आणि आमच्या सरांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या समोर बसले. म्हणाले, "सेन्सर बोलला नाही तं आधीचा आकडा दाखवा न. तार पुन्हा लागली की बरोबर होऊन जाते."

शेठ आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. सरांनी ताईंकडे पाहिलं. "ताई, एवढं करून टाका."

"नाही करनार."

ताई शेठकडे वळल्या. "शेठजी, तुमचं अर्धं बरोबर हाये. घंटा उगीच वाजून राह्यली, ते मी बदलतो. पन आधीचा आकडा आता दाखवला तं तो खोटा हाये. माह्या प्रोग्रॅममधून खोटा आकडा नाही जानार. तुमाले तसाच पायजे असन तं दुसऱ्याकून लिवून घ्या."

सर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ताईंनी मात्र त्याच आठवड्यात आपला शब्द पाळला. गंजी खरंच तापली तर लाल दिवा आणि घंटा. सेन्सर गप झाला तर घंटा नाही, फक्त पिवळा दिवा आणि स्क्रीनवर तो संदेश. एकच तक्रार पुन्हा पुन्हा नाही, एकदाच. शिवाय ढिली तार लगेच चूक धरली जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम गप सेन्सरला थोडा वेळ पुन्हा पुन्हा विचारायचा आणि मगच दिवा लावायचा. शेठ कुरकुरले, पण पेटी राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, तिसऱ्या गंजीचा पिवळा दिवा लागला. बाया त्याच गंजीच्या सावलीला भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. फिटरने संदेश वाचला. एरवी त्याने तार हलवून पाहिली असती. पण स्क्रीन हात लावायला सांगत होता, म्हणून त्याने गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच मागे ओढला. बायांना उठवलं, पाण्याचे पाइप आणवले, गंजी फोडली. आतला कापूस काळा पडून धुमसत होता. हवा लागताच जाळ झाला, पण तोवर पाणी सुरू होतं. कुणालाही इजा झाली नाही.

फिटरचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. तो म्हणाला, "ताई, तार ढिली नव्हती. जळून गेली होती."

आग सेन्सरच्या टोकापाशी नाही, त्याच्या तारेपाशी धुमसत होती, म्हणून लाल दिवा लागला नाही; सेन्सर गप झाला होता तो आगीमुळेच. आधीचा आकडा दाखवला असता तर स्क्रीनवर सगळं थंड दिसलं असतं आणि बाया जेवत राहिल्या असत्या. ऑफिसात एकदम आनंद झाला. सरांनी कचोऱ्या मागवल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी कचोरीला हात लावला नाही. जिनात जाऊन पेटीतल्या नोंदी घेऊन ये, असं त्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताई त्या नोंदी वाचत बसल्या. मग चष्मा डोक्यावर गेला. सेन्सर गप झाला होता दिवा लागण्याच्या बऱ्याच आधी. मधला सगळा वेळ प्रोग्रॅम त्याला पुन्हा पुन्हा विचारत बसला होता. ती वाट पाहण्याची मुदत ताईंनी ठरवलेली होती आणि ती फार लांब होती.

त्या सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "शेठले फोन करतो. आपल्या प्रोग्रॅमनं सांगाले उशीर केला."

सर चमकले. "ताई, कोणी विचारलंय का? ते तर आपल्यावर खूश आहेत. गुपचूप दुरुस्त करा आणि बदलून टाका."

"सर, तिथं बाया बसल्या होत्या. त्या थोडक्यात वाचल्या. ज्याची गंजी हाये त्याले मालूम पायजे."

त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर फोन लावला. "शेठजी, दिवा लागाले पायजे होता त्याच्या आधी. वाट पाहाची मुदत मी जास्त ठेवली होती. चूक माही हाये. आता कमी केली, उद्या येऊन बदलून देतो. तोवर पिवळा दिवा लागला तं दम धरू नका, लगेच पाहा."

सर कपाळाला हात लावून बसले होते. मग शेठचा आवाज आला, फोनबाहेर मलाही ऐकू येईल इतका मोठा. "ताई, आमच्याकडे मशीन विकनारे लय येतात. आपली चूक सांगाले आजपर्यंत कोनी फोन केला नाही. तुमी या. जेवाले इथंच थांबा."

आग विझली तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या फोनने मात्र माझा ऊर भरून आला. आपण अशा माणसाच्या हाताखाली काम करतो, हे मी घरी गेल्यावर आईला दोनदा सांगितलं. पुढे शेठनी आपल्या भावाच्या जिनातही आमची पेटी बसवून घेतली, आणि सरांनी नव्या गिऱ्हाइकाला पेटी दाखवताना आधी पिवळा दिवा दाखवायला सुरुवात केली.

पुढच्या हंगामानंतर ताई नोकरी सोडून गेल्या. बंगळूरला, रुग्णाला श्वास देणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायला. सरांनी पगार वाढवायची तयारी दाखवली. ताई हसल्या. म्हणाल्या, "पगाराचं नाही सर. ते काम मले करून पाहाचं हाये." आता कुणी मला विचारलं, की काम कुठे शिकलास, तर मी कॉलेजचं नाव सांगत नाही.

त्या निघाल्या त्या दिवशी खामगावच्या स्टँडवर मी त्यांची बॅग धरून उभा होतो. फिटर आणि जिनातल्या दोघी बाया सकाळच्या एसटीने आल्या होत्या. त्यांनी आपल्याच जिनाच्या रुईची एक उशी शिवून आणली होती, फुलाफुलांच्या अभ्र्याची, आणि इतकी ठासून भरलेली की ती कुठल्याच बॅगेत जाईना. "ताई, बंगलोरले अशी रुई नाही भेटत," एक बाई म्हणाली. ताईंनी उशी कवटाळली आणि रेल्वे गाठायला शेगावच्या बसमध्ये चढल्या.

खिडकीशी बसल्या तेव्हा उशी मांडीवर होती आणि तिच्या वर फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. बस सुरू झाली. त्यांनी हात हलवायला हात सोडवला तशी उशी घसरायला लागली. मग त्यांनी हात न हलवता, हनुवटीने उशी दाबून धरत, आमच्याकडे नुसती मान हलवली.