लिंबाजी बोलेना

"नाव काय तुमचं?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

कठड्यात उभ्या लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

मी विधी सेवेची वकील. ज्या आरोपीला वकील परवडत नाही, त्याला तो फुकट मिळणं हा त्याचा हक्क. आपल्या संभाजीनगरच्या कोर्टात ते काम मी करते. लिंबाजी दौलताबादकडचा मेंढपाळ. त्याच्यावर आरोप मेंढा चोरल्याचा. त्याचं म्हणणं, मेंढा आपणहून त्याच्या कळपात घुसला. पोलीस कोठडी मागत होते. कोठडी मिळाली, तर माळावरच्या मेंढरांचं काय? ती शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून त्याची बायको गयाबाई कोर्टात मागं उभी होती.

सुनावणीआधी मी त्याला व्हरांड्यात भेटले. तेवढ्यात त्यानं आपली हकिगत मला, शिपायाला आणि भलत्याच केसमधल्या एका आरोपीलाही सांगून टाकली. मी त्याला बाजूला ओढलं.

"लिंबाजीदादा, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. घटनेनं दिलेला हक्क आहे. आता गप्प बसायचं."

"कुणापुढं बी?"

"कुणापुढंही."

"व्हय," तो म्हणाला. तो त्याचा शेवटचा शब्द.

आता साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, यांना ऐकू-बोलता येत नाही का?"

क्लार्क तत्परतेनं उठला. "सर, खुणांची भाषा येणारं कुणी बोलवू?"

"साहेब, मुका नाय तो!" शिपाई कळवळून म्हणाला. "गाडीत आमचे कान किटवले यानं!"

कोर्ट हसलं. मी लिंबाजीला खुणेनं 'बोला' म्हटलं. त्यानं खुणेनंच 'नाय' म्हटलं.

साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला. "अटकेचं कारण तुम्हाला लेखी दिलं होतं का?"

सगळी केस या उत्तरावर होती, आणि माझा पक्षकार छताकडं बघत होता!

मागून गयाबाईचा आवाज आला. "अवं, बोला की! मंगलाष्टकं चालू असताना बी तुमचं तोंड बंद नव्हतं!"

लिंबाजी माझ्याकडं वळला. "मॅडम, सोडू का?" जसा काही उपासच.

"सोडा!"

"कागद? कसला कागद, साहेब! म्हणले, मोठ्या साहेबानं चहाला बोलावलंय. मी पागोटं नीट केलं आन् बसलो गाडीत. चहा बी नाय, कागद बी नाय!"

या खेपेला साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. तपास अधिकारी फाईल चाळत राहिले. तसा कागद नव्हता. मग मी उठले. अटकेची कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत, लेखी द्यावी लागतात. एवढ्याशा गुन्ह्यात हजर राहायची नोटीसही पुरली असती. साहेबांनी कोठडी नाकारली आणि लिंबाजीला जातमुचलक्यावर सोडलं, म्हणजे बोलावल्यावर येईन अशा त्याच्याच सहीच्या हमीवर.

"आणखी काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"लई हाय!" लिंबाजी म्हणाला.

"काही नाही, सर," मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले.

पुढं फिर्यादीनंच, म्हणजे मेंढ्याच्या मालकानं, मेंढा वाट चुकल्याचं मान्य केलं आणि केस मिटली. तेव्हापासून मी पक्षकाराला आधी सांगते: नाव, पोलिसांनी दिलेला त्रास आणि अटकेचं कारण, एवढं कोर्टानं विचारलं तर बोलायचं. मग सांगते, गप्प कुठं बसायचं.