ताटात धुतलेले हात

बाळ गेल्यापासून रामरायाला हात जोडणं मी सोडलं होतं. घरात आम्ही दोघंच. हे तांबट, दिवसभर पुढच्या खोलीत ठोकाठोक चाले, पण माझ्याशी बोलणं म्हणजे "वाढ" आणि "पुरे", एवढंच. तेही सोसलं असतं. पण नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची आमची रीत, आणि पूर्वी हे त्यात माझ्यासाठी भाकरीचा मऊ पापुद्रा आठवणीने ठेवत. आता जेवण होताच ते ताटातच हात धुवत, म्हणजे त्यात मी जेवूच नये. मी टाकलेली बाई आहे, फक्त माहेरी धाडलेली नाही, हे दोन वर्षं मला रोज दोनदा कळत होतं.

एका दुपारी तांब्या घेऊन गोदेवर गेले, ती परत यायचं नाही असं ठरवूनच. बाळाच्या बारशाला ह्यांनी एकसारखे दोन तांबे घडवले होते, गळ्याशी चिमण्यांची रांग ठोकून. दुसरा कुठे गेला, मी कधी विचारलं नव्हतं. पायरीवर तांब्या ठेवून गुडघाभर पाण्यात शिरले, तोच मागून हाक आली. फुलं विकणारी एक म्हातारी तो तांब्या निरखत होती.

"याचा जोड मी रोज पाहते. एक तांबट तो घेऊन येतो सकाळच्याला, दोन द्रोण फुलं सोडतो. एक गेलेल्या पोरासाठी, एक त्याच्या आईला सुख लागावं म्हनून. म्या म्हनलं, तिलाबी आन की. तर म्हनला, डागदराला बोलवा म्हनून ती रडत व्हती, म्याच अंगाऱ्यावर ठेवलं पोराला. माझं उष्टंबी आता तिच्या तोंडी लागू नये."

मी पायरीवर बसून पोटभर रडले. ह्यांना मी तोंडाने कधी दोष दिला नव्हता, पण मनातून क्षमाही केली नव्हती.

संध्याकाळी जेवण होताच ह्यांनी पाण्याला हात घातला. मी ताटावर हात आडवा धरला. "हात बाहेर धुवा. मला भूक लागलीय." ते खाली मान घालून उठले आणि हात धुवायला अंगणात गेले. ताटात कणही उरला नव्हता. मी त्यातच वाढून घेतलं.

पुढे त्या म्हातारीला खण द्यायला गेले, तर तिला काहीच आठवेना. "लय मानसं येत्यात, बाई." त्या दिवशी तिला कुणी बोलतं केलं, हे मी रामरायाला विचारत नाही, नुसते हात जोडते. बाळ नाही ते नाहीच, आणि आमचं बोलणंही अजून फार नाही. मागणं मी सोडलं आहे. तो ताटात ठेवील ते घ्यायचं.

काल त्या ताटात भाकरीचा पापुद्रा होता.