निळा कशाचा?

विनाकारण लागलेला दिवा ज्याला बघवत नाही असा माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. सिडकोतल्या पवननगरच्या त्यांच्या घरात बल्ब लागला की खुशाल समजावं, त्याच्याखाली कुणीतरी वाचतंय, तांदूळ निवडतंय किंवा सुईत दोरा ओवतंय. ते काम संपलं की बल्ब गेलाच. यात काटकसर नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. साडूभाऊंनी अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं. म्हणजे यंत्रं चालवणारी कपाटाएवढी लोखंडी पेटी आतून तारांनी भरायची, प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराची नळी घालायची आणि दारावर दिवे बसवायचे. लाल लागला की मोटर चालू, हिरवा लागला की बंद, पिवळा लागला की काहीतरी बिघडलं. त्या तीस वर्षांचा परिणाम असा, की सिग्नलला हिरवा दिवा दिसला की अजूनही त्यांचा हात क्षणभर ब्रेककडे जातो आणि स्कूटरवर मागे बसलेला मी जीव मुठीत धरतो. माझ्या मुलीच्या लग्नात कमानीवर रंगीत माळा सोडल्या होत्या. सगळे नवरानवरीकडे बघत होते आणि हे माळांकडे. शेवटी त्यांनी लायटिंगवाल्याला गाठलंच. "हा निळा कशाचा?" तो म्हणाला, "शोभेचा, काका." "ते झालं. पण काय झालं की लागतो?" बिचारा डोकं खाजवून म्हणाला, "लग्न झालं की लागतो." तेव्हा कुठे साडूभाऊंचं समाधान झालं आणि ते जेवायला बसले.

फोनलाही त्यांच्याकडे हाच नियम. उचलला की पहिला प्रश्न, "बोला, काय बिघडलं?" मी पडलो मराठीचा मास्तर, त्यातून निवृत्त, माझं सहसा काही बिघडत नाही, नुसतं बोलावंसं वाटतं. एकदा "काही नाही, सहज केला फोन" असं म्हणालो, तर अर्ध्या तासात स्वारी खिशाला टेस्टर लावून दारात हजर. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मीटरची पेटी उघडून पाहिली, चहा घेतला आणि निघून गेले. मला हसू आलं, पण ते सिडकोपासून जेलरोडच्या माझ्या घरापर्यंत भर उन्हात आले होते, हेही खरं. त्यांची एकुलती मुलगी मुक्ता याच शिस्तीत वाढली. चार वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी आयर्लंडला गेली आणि तिथूनही ती कारणापुरताच फोन करते. आईच्या तपासणीचं काय झालं, अमुक कागदाचा फोटो पाठवा, कुणी येत असेल तर घोटीचा तांदूळ द्या. दोन मिनिटांत काम उरकतं. मग साडूभाऊ "चला, सगळं ठीक आहे" म्हणतात आणि काळ्या पडलेल्या फोनकडे बराच वेळ बघत बसतात. ते मला पाहवत नाही, म्हणून मी त्या वेळी पेपर वाचतो.

मुक्ता कॉलेजात असताना तिनं गेम खेळायला एक भलामोठा कॉम्प्युटर स्वतः सुटे भाग आणून जुळवला होता. तो तिच्या खोलीत तसाच होता. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तर तो टेबलावर आडवा पाडलेला, त्याच्या पत्र्याला एका बाजूनं चौकोनी खिडकी कापलेली आणि साडूभाऊ कानशीनं तिच्या कडा घासताहेत. "धूळ काढायला उघडला होता," ते म्हणाले. धूळ काढायला कुणी पत्रा कापत नाही, हे मराठीच्या मास्तरालाही कळतं. माझी मेहुणी वणीकडची, तिला गप्प बसणं जमत नाही. ती आतूनच म्हणाली, "देवीपुढची माळ दोन वरसं बंद हाय, तिला टाइम नाय. अन् ह्या डब्याची आरास चाललीये!"

कडा घासता घासताच त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. मुक्तानं तेव्हा एकदा हौसेनं विचारलं होतं, बाबा, माझ्या मैत्रिणींच्या कॉम्प्युटरमध्ये रंग बदलणारे दिवे आहेत, तुम्ही मला लावून द्या ना. "मी विचारलं, त्या दिव्यांनी काय कळणार? ती म्हणाली, काही नाही, छान दिसेल. मी म्हटलं, मग नाही." कानस थांबली. "त्यानंतर तिनं हौसेचं काही मागितलंच नाही हो."

पुढचे पंधरा दिवस ते काम चाललं. खिडकीला पारदर्शक काच, काचेला रबर, आत दिव्यांच्या पट्ट्या आणि स्वतःच उजळणारे तीन पंखे. केसाएवढ्या तारांनासुद्धा नंबराच्या नळ्या. अडलं ते एकाच ठिकाणी. कोणता रंग कशासाठी, याचा तक्ता काही केल्या भरेना. वहीत रंगांची नावं एकाखाली एक लिहिलेली आणि पुढचा रकाना कोरा. शेवटी त्यांनी खिडकीखाली एक छोटं बटण बसवलं आणि त्यावर पाटी लावली, 'लॅम्प टेस्ट'. असं बटण प्रत्येक पॅनेलवर असतं. ते दाबलं की सगळे दिवे एकदम लागतात. काही सुरू झालेलं नसतं, काही बिघडलेलं नसतं. दिवे शाबूत आहेत, एवढंच कळतं. तीस वर्षांत तयार झालेल्या प्रत्येक पॅनेलवर ते बटण त्यांनीच दाबलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

तेव्हापासून त्या घरात तिन्हीसांजेला आधी मेहुणी देवापाशी निरांजन लावते आणि मग साडूभाऊ मुक्ताच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू करतात आणि बटण दाबतात. खोलीतला दुसरा कुठलाही दिवा तेव्हा लावायचा नाही. मोरपंखी निळा भिंतीवर चढतो, त्याचा हळूहळू जांभळा होतो, पुस्तकांच्या कपाटाच्या काचेवर गुलाबी सांडतो आणि परत निळा होतो. मीही अनेकदा शेजारी खुर्ची टाकून बसलो आहे. चहा निवतो, बाहेर भाजीवाला ओरडत जातो, आणि आपण कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी निवांत बसलो आहोत असं वाटतं. साडूभाऊंच्या चेहऱ्यावरून रंग जात राहतात आणि ते तीस वर्षांपूर्वीचे दिसायला लागतात.

पण हे सगळं जिच्यासाठी, तिला पत्ताच नव्हता. "अहो, फोन करून दाखवा," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "कारण काय सांगू? सगळं तर ठीक आहे." असे दोन महिने गेले आणि मला खरोखर राग आला. एका संध्याकाळी मी चिडून म्हणालो, "साडूभाऊ, सगळं ठीक असतानाही बटण तुम्ही रोज दाबता. मग पोरीनं काय पाप केलंय?"

थोड्या वेळानं त्यांनी फोन उचलला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मुक्ताची जेवणाची सुट्टी असावी. हातात डबा, चेहरा उतरलेला. "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

साडूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "काही नाही झालं. लॅम्प टेस्ट."

ती पॅनेलवाल्याची मुलगी, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं हातातला डबा बाजूला ठेवला. मग त्यांनी फोन हळूच कॉम्प्युटरकडे वळवला. खोली त्या वेळी नेमकी निळी झाली होती. तिकडून हसण्यात आणि रडण्यात भिजलेला आवाज आला, "बाबा, हा निळा कशाचा?"

"शोभेचा," साडूभाऊ म्हणाले. "नुसता शोभेचा आहे गं."

मला तिथं थांबणं जमेना. मी स्वयंपाकघरात गेलो, तर मेहुणी ओट्याला टेकून पदरानं डोळे पुसत होती, म्हणून मीच चहाचं आधण ठेवलं.

आता मुक्ताचा फोन दर दोन-तीन दिवसांनी येतो. परवा संध्याकाळी माझाही फोन वाजला. "बोला साडूभाऊ, काय बिघडलं?" मी विचारलं. "काही नाही," पलीकडून आवाज आला आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ नुसते लाइनवर होतो.