तसं काय नाय

आमच्याकडच्या माणसांना दुखतंय का म्हणून विचारलं की एकच उत्तर येतं, "तसं काय नाय." पुस्तकी मराठीत याचा अर्थ दुखत नाही. आमच्या मळ्यावर त्याचा अर्थ एवढाच, की जीव चाललाय, पण तुम्ही चहा घ्या. मी भूलतज्ज्ञ झाले, नाशकात इतकी वर्षं काढली, तरी हे वाक्य मला माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा उशिरा कळलं.

परवा लासलगावकडचे एक बाबा आले. कांद्याच्या ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका मांडीवर पडून हाड मोडलेलं. ऑपरेशनसाठी कमरेखालची भूल द्यायची, तर आम्ही माणसाला उठवून बसवतो, पाठ वाकवायला लावतो. मोडक्या मांडीनं उठून बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

"बाबा, लय दुखतंय का?"

"तसं काय नाय, ताई."

मी लगेच सोनोग्राफीचं मशीन ओढलं आणि जांघेत, नसेजवळ, बधिर करायचं औषध सोडलं. सर्जन घड्याळाकडे बघत होते. बघू देत. वीस मिनिटांनी बाबा हातावर जोर देऊन आमच्या आधाराने उठून बसले आणि म्हणाले, "मंग हे सकाळीच का नाय दिलं?" सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा.

माझ्या वडिलांना, नानांना, हे मिळालं नव्हतं. टोमॅटोच्या जाळ्या पिकअपमध्ये चढवताना ते पडले, मांडी मोडली. त्यांना आणलं त्याच हॉस्पिटलात मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर. भूल देणारे माझे सर म्हणाले, "विचार त्यांना, फार दुखत असेल तर आधी काहीतरी देऊ." मी विचारलं. नाना म्हणाले, "तसं काय नाय." लेकीच्या सरांसमोर ते दुसरं काय म्हणणार होते? आणि मी, त्याच मळ्यात वाढलेली शहाणी, सरांना शुद्ध भाषेत सांगून मोकळी झाले, "नाही सर, दुखत नाहीये." त्यांना तसंच उठवून बसवलं.

पुढून धरायला मीच उभी होते. नानांनी कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि दोन्ही मुठींत माझा गाऊन आवळला. त्यांच्या घामानं माझा खांदा भिजला. मी मोठी झाल्यापासून त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, आमच्यात तशी रीतच नाही. दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा डोक्यावर नुसता हात टेकवून ते मोटर चालू करायला निघून गेले होते.

पाय बरा झाला. नाना पुढे पुष्कळ वर्षं मळाभर हिंडले आणि मग दुसऱ्याच आजारानं गेले. माफी मागायची राहून गेली.

आता त्यांची फार आठवण येते. मनातल्या मनात मी त्यांना पुन्हा त्या टेबलावर घेते, आधी जांघेत औषध देते, वीस मिनिटं थांबते. ते आरामात उठून बसतात, इकडेतिकडे बघतात, वाफ्याला पाणी सोडलं का विचारतात. खांद्यावर मात्र डोकं टेकत नाहीत. कशाला टेकतील? मग मी, लोकांचं दुखणं थांबवून पोट भरणारी बाई, ते इंजेक्शन गुपचूप परत ट्रेमध्ये ठेवून देते.