जाळीवर मिरची नव्हती

मी एकामागून एक डब्या उघडत होते आणि दरवेळी जाळी स्वच्छ निघत होती. हे काही बरोबर नव्हतं.

संग्रामपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत रिकाम्या वर्गाची दोन बाकं जोडून मी माझी लॅब मांडली होती. एका बाकावर मायक्रोस्कोप, दुसऱ्यावर काचेच्या स्लाइड्स आणि मुलांनी सकाळी घरून आणलेल्या डब्या. डब्यांत काय होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना किळस येते त्यांना इथूनच परत फिरता येईल. डब्यांत शी होती. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि माझी बहुतेक नोकरी शी पाहण्यात गेली. घरात या विषयावर जेवताना बोलायला मला बंदी आहे.

शाळेत मुलांना जंताची गोळी देतात, ती तुमच्याही मुलांनी खाल्ली असेल. ही गोळी एखाद्या भागात वर्षातून दोनदा द्यायची, एकदा द्यायची की थांबवायची, हे दिल्लीत बसून ठरवता येत नाही. त्यासाठी देशभर काही शाळा निवडून मुलांची शी तपासतात. जंताला कुणी घाबरत नाही, त्याच्यावर बातमी होत नाही, म्हणून हे आजार दुर्लक्षित म्हणून ओळखले जातात. पण त्यातला हुकवर्म मोठा लबाड प्राणी आहे. ओल्या मातीत अनवाणी चाललं की तळपायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पीत बसतो. गावाभोवती संत्र्याच्या बागा होत्या, म्हणजे बारमाही ओली माती. तो इथे असणार, असा माझा अंदाज होता.

शाळेतच लॅब मांडायचं कारणही हुकवर्मच. त्याची अंडी नाजूक असतात. स्लाइड केल्यावर लवकर पाहिली नाहीत तर दिसेनाशी होतात, आणि मग जंत असूनही रिपोर्ट 'नाही' असा येतो.

स्लाइड करण्याआधी शी बारीक जाळीतून दाबून घ्यायची असते, म्हणजे चोथा वर राहतो. आता वऱ्हाडातल्या जाळीवर काय राहतं? तुरीची सालं, भाजीच्या शिरा आणि मिरची. मिरचीचं बी आणि मिरचीची साल. या भागातला ठेचा लोकांना ताटात दिसतो, मला दुसऱ्या दिवशीही दिसतो. मुलग्यांच्या डब्या तशाच होत्या. आठवीच्या मुलींच्या डब्या मात्र सगळ्या पिवळ्याधमक, मऊसूत, आणि जाळीवर मिरचीचं एक बी नाही. मायक्रोस्कोपखाली अंडीही नाहीत. सगळीकडे शून्य.

मी दोन मुलं वाढवली आहेत. हा रंग ओळखायला मला मायक्रोस्कोप लागत नाही. ही अंगावरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाची शी होती. एकाच बाळाची.

तेवढ्यात मुख्याध्यापक गावंडे सर आत आले. खूश होते. "मॅडम, पाहा, एकही डबी बाकी नाई. बाकीच्या शाळेत पोट्ट्या डबी आनतच नाईत म्हनतात. आपल्या शाळेत शिस्त हाये."

"कशा गोळा केल्या सर?"

"व्हरांड्यात टेबल मांडला. मी सोता नाव पुकारलं, एकेकीनं येऊन ठेवली."

म्हणजे व्हरांड्यात सगळ्या वर्गांची पोरं उभी, सर मोठ्यानं नाव पुकारतायत आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या शीची डबी घेऊन सगळ्यांसमोरून चालत जायचं. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. गणवेशाचं कापड असंच वाटतात, वह्या अशाच वाटतात, डब्याही तशाच गोळा केल्या.

डबी दुसऱ्याची आणता येते, रक्त नाही. आमच्याकडे बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहायचं छोटं यंत्र असतं. ते काढलं आणि आठवीच्या मुलींना एकेक करून आत बोलावलं.

कोमल आली तेव्हा वर्गाच्या दोन पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. यंत्रावरचा आकडा इतका कमी आला की मी दुसऱ्या बोटातून रक्त घेऊन पुन्हा पाहिलं. तोच आला.

"थकवा येतो का गं?"

"हाव. बसली राह्यते मी."

"घरात तान्हं बाळ आहे का?"

तिनं खाली पाहिलं. "माह्या ताईचं हाये. बाळंतपनाले आली."

"त्याचीच शी सगळ्यांनी आणली ना?"

एकदम रडायलाच लागली. "सरायले सांगू नोका मॅडम. पोट्टे हासतात. मले बी लाज वाटे अन् साऱ्याच मैत्रिणी म्हने, कोमल, तुह्या घरी बाळ हाये, आमाले बी दे. तुमीच म्हनलं होतं, शेंगदान्याएवढी पुरे."

सरांना सांगणार नाही, असा मी तिला शब्द दिला. आणि शेंगदाण्याएवढी पुरे हे खरंच मीच म्हटलं होतं. एका बाळात अख्खा वर्ग भागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मनातल्या मनात मी त्या पोरींच्या डोक्याला दाद दिली. पण समोर बसलेल्या पोरीचे पांढरे ओठ पाहून हसू आलं नाही. वर्गाला बाळाची निरोगी शी पुरवणारी ही मुलगीच सगळ्यात आजारी होती, आणि माझ्या बाकावरच्या स्लाइडवर तिच्या नावापुढे शून्य होतं. ते शून्य पुढे गेलं असतं तर कोमलला जंत नाहीत असं सरकारदरबारी पक्कं झालं असतं. तिच्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नसतं.

मी आमच्या सुपरवायझरना, डॉ. साठ्यांना, पुण्याला फोन लावला. माणूस चांगला, पण तक्त्यात रकाना भरला की त्यांना गाढ झोप लागते.

"सर, मुलींचे नमुने रद्द करायला लागतील."

"का? शंभर टक्के आलेत ना? मस्त साइट आहे ती. संध्याकाळपर्यंत बंद करा आणि पुढे निघा."

"नमुने मुलींचे नाहीत."

"कशावरून?"

"सर, मिरची नाहीये."

"काय नाहीये?"

मी जाळीचं सगळं सांगितलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मॅडम, मिरची प्रोटोकॉलमध्ये नाही."

"सर, बाळही प्रोटोकॉलमध्ये नाही. इथे एक मुलगी आहे, तिचं रक्त इतकं कमी आहे की ती चालते कशी याचं मला नवल वाटतंय. मी शून्यावर सही करणार नाही. तुम्हाला करायची असेल तर तुम्ही या आणि करा."

हे मी जरा मोठ्यानंच बोलले. मी देऊळगाव राजाची, आमच्याकडे हळू बोलायची पद्धत नाही.

"एक सकाळ देतो," ते म्हणाले. "त्यापुढे नाही."

गावंडे सरांना मी सांगितलं, स्लाइड्स खराब झाल्या, चूक आमची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मी विसरलेले नाही. "इतके मोठे लोकं येता तुमी, अन् साध्या काचा नाई सांभाळता येत?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कोमलला दिलेला शब्द मोडण्यापेक्षा ते परवडलं.

नव्या डब्यांवर नाव नाही, फक्त नंबर टाकला; कुठला नंबर कुणाचा ते माझ्या वहीत. व्हरांडा नाही, टेबल नाही, पुकारणं नाही. मी मुलींना एकत्र बसवून सांगितलं की उद्या सकाळी गावातली आशाताई घरी येईल, कापडी पिशवीत डबी टाकायची, पिशवी बंद. कुणी पाहणार नाही, कुणी विचारणार नाही.

"आन या वेळी बाळाले आराम द्या," मी म्हटलं. तेव्हा त्या सगळ्या एकदम हसल्या आणि मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जाळीवर मिरची आली. भरपूर आली. आणि मायक्रोस्कोपखाली हुकवर्मची अंडीही आली, बऱ्याच जणींच्या डब्यांत. कोमलच्या स्लाइडवर तर जिकडे सरकवावं तिकडे तीच.  इतकी वर्षं हेच पाहत असले तरी राग यायचा राहत नाही.

तिच्या आईला बोलावलं. बागेतून तशीच आली, पाय चिखलाचे. मी तिला मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं आणि सांगितलं, हे जंताचं अंडं, असे जंत पोटात रक्त पितात, म्हणून ती थकते. ती बराच वेळ डोळा लावून उभी होती.

"मंग हे पोट्टी खरंच बिमार होती?" तिनं विचारलं.

"हो."

"आन मी रोज तिले कामचोर म्हनून राह्यली होती." ती भिंतीला टेकून खाली बसली. "झाडू हातात घेऊन मारलं बी एकडाव. काऊन नाई बोलली वं तू?"

कोमल दारात उभी होती. म्हणाली, "मलेच वाटे मी आळशी हाये."

 मी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी लिहायला घेतली.

जंताची गोळी आणि रक्तवाढीची औषधं तिला तिथे सुरू झाली. काही महिन्यांनी आशाताईनं फोनवर सांगितलं की पोरीचं रक्त चांगलंच वाढलंय, आणि आईनं घरातल्या सगळ्यांना चपला घेतल्यात. बागेत कुणी अनवाणी गेलं तर ती आरडाओरडा करते. त्या भागात गोळी वर्षातून दोनदाच राहिली. डॉ. साठ्यांनी सूचनांमध्ये एक ओळ वाढवली: डब्या शाळेत नाव पुकारून गोळा करू नयेत. कारण लिहिलेलं नाही. मिरचीचाही उल्लेख नाही.

एखाद्या साइटवरून शंभर टक्के नमुने आणि शून्य जंत असा निकाल आला की ऑफिसात आनंदीआनंद होतो. मी मात्र आधी फोन करून विचारते, की डब्या ठेवायला टेबल कुठे मांडला होता.