काचेवर राहिलेला कागद

झेरॉक्स काढायला आल्या की बाई आधी मशीनचं झाकण उचलून बघत. आदल्या गिऱ्हाइकाचा कागद आत राहिलेला असला, तर न वाचता उलटा करून माझ्या हातात देत आणि म्हणत, "हा कोणाचा तरी आहे." आधार कार्ड असो की सातबारा, वाक्य तेच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती दिसतात साधी, पण त्यांच्यासमोर आपण उगाच सावरून उभे राहतो.

जामसंड्यात आमचं छपाई आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बाई तालुक्यातल्या शाळा फिरणाऱ्या विशेष शिक्षिका होत्या. अपंगत्व असलेल्या मुलांना गावच्याच शाळेत, इतरांच्याच वर्गात शिकता यावं, हे त्यांचं काम. नेमणूक कंत्राटी. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी पुस्तकाची पानं मोठी करून न्यायला त्या येत. ती पानं मी काढायची. पण डॉक्टरांचे कागद किंवा अहवाल निघाले की, "सर गो बाये" म्हणून मला बाजूला करत आणि बटण स्वतः दाबत. तिरकी आलेली, काळी पडलेली प्रतही पिशवीत घालून नेत.

"रद्दी आम्ही टाकतो की, बाई."

"तुझ्या रद्दीत उद्या कोणीतरी जत्रेतलं खाजं बांधून देईल."

एकदा मोठ्या अक्षरांचे गठ्ठे उचलायला मी त्यांच्याबरोबर एका शाळेत गेले. त्यांना भेटायचं होतं दोन मुलांना, पण वर्गातून त्यांनी पाच बोलावली. पाचही जणांबरोबर ठोकळे मांडले, पाचही जणांकडून वाचून घेतलं. त्यांतली दोन कोणती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. वर्गालाही कधी कळत नसे. उलट दाराला लोंबकळत एकजण ओरडला, "बाईनू, माझो नंबर कधी? मी काय कमी ढ आसंय?"

त्याच शाळेच्या ऑफिसात भिंतीवर एक यादी चिकटवलेली होती. मुलांची नावं, पुढे अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी. बाईंनी ती अलगद सोडवली, घडी घातली आणि मुख्याध्यापकांना विचारलं, "गुरुजी, तुमची साखर किती हो?"

"का बरं?"

"बाहेरच्या फळ्यावर लिहिते. सुविचाराच्या खाली."

गुरुजी हसले. यादी पुन्हा लागली नाही.

मला हे सगळं आवडायचं आणि पटायचं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बंद पडणाऱ्या शाळा असोत की रद्द झालेली एस.टी.ची फेरी, त्यांची पत्रकं बाबा छापत आणि मी त्यांतल्या चुका काढत अक्षरं शिकले. जे छापून वाटलं जात नाही ते कोणी देत नाही, हे माझं बाळकडू. मी बाईंशी भांडायचे. "लपवून हक्क मिळतात का?"

त्या म्हणायच्या, "हक्क मोठ्याने माग. पोर मोठ्याने सांगू नको."

एका दुपारी त्यांची गाडी चुकायला आली होती. घाईत प्रती उचलल्या आणि मूळ कागद काचेवर राहिला. बाईंच्या हातून झालेली ही एकच चूक मला माहीत आहे.

मी तो कागद वाचला.

एका मुलीबद्दल शाळेला लिहिलेलं ते तिसरं पत्र होतं. मुलीला फिट येत असे. घरचे आणि शाळेतले दोघे-तिघे सोडले तर कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी तीन गोष्टी मागितल्या होत्या. तिला आडवं होता येईल अशी खाट, एक पडदा आणि फिट आली तर काय करायचं याची शिक्षकांना माहिती. शाळेने त्याच पत्राच्या समासात शेरा मारला होता, 'शक्यतो घरी ठेवावे.'

माझं डोकं तापलं. तासाभराने बाई धापा टाकत परत आल्या. मी कागद उलटा करून दिला.

"वाचलंस?"

"नाही."

"बरं झालं, तुझ्याकडेच राहिला."

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. आजवरचं सगळ्यात चांगलं. मुलीचं नाव घातलं नाही. वडील काय करतात, आई कुठे कामाला जाते आणि घर गावाच्या कुठल्या टोकाला, एवढंच त्या पत्रातून उचललं. वाचणाऱ्याच्या काळजाला भिडायला हवं ना! (हे तुम्हाला सांगताना मात्र मी तिचं काहीही खरं ठेवलेलं नाही. गावही नाही.) आमच्याकडे नाव लागतं कुठे? बापाचा धंदा आणि घराचं वळण सांगितलं की गाव चार पिढ्या मोजून दाखवतो.

बाजारात वाटून उरलेली पत्रकं घेऊन मी मुलीच्या गावच्या देवळात गेले. वार्षिक उत्सव होता, गाव जमलेला. मानकऱ्याने गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. पाऊस, शेती, दर्यावर गेलेली माणसं झाली. मग त्याचा आवाज जड झाला. माझं पत्रक त्याच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावत होतं. त्याने मुलीचं नाव घेतलं. घराण्याचं नाव घेतलं. "ह्या तुझ्या लेकराक जा काय फिटचा दुखणा आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा सभामंडप म्हणाला. मायेने म्हणाला. त्यांत वाईट माणूस एकही नव्हता. मला राग धरायलाही कोणी उरलं नाही.

मुलगी बायकांच्या रांगेत आईजवळ उभी होती. शेजारच्या बायका हळूच मागे सरकल्या. पडली तर लागू नये म्हणून. तिच्याभोवती फरशीचा एक गोल मोकळा झाला आणि त्या गोलात ती उभी राहिली. डोळे मिटून घेतले तरी ते दिसतं.

सोमवारी ती शाळेत आली नाही. नंतरही नाही. घरच्यांनी तिला दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवलं म्हणे. बाई तिच्या घरी गेल्या, तेव्हा आईने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "मी तुमका सांगितलंय, गावाक नाय."

पत्रातलं बाहेर कसं गेलं, याची चौकशी झाली. बाईंनी लिहून दिलं, 'कागद काही वेळ माझ्या ताब्यात नव्हता, जबाबदारी माझी.' कुठे राहिला होता, ते लिहिलं नाही. पुढे त्यांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही.

आणि पत्रक? यशस्वी झालं. दोन महिन्यांत शाळेत खाट आली, पडदा आला, शिक्षकांना माहिती देणारे डॉक्टरही आले. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटाला पाहायला बोलावलं. पांढरी चादर ताणून घातलेली. सगळे समाधानाने बघत होते. मी उशीकडे बघितलं. तिच्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं.

त्यानंतर बाई एकदाच दुकानात आल्या. हातात कागद नव्हता.

"तू वाचला होतास."

"हो."

"माका तेव्हाच कळलेला."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"राहिला माझ्याच हातून. ते काय खोटं होतं?"

"मी जाते तिच्या आईकडे. सगळं सांगते."

"म्हणजे आता परत सगळा सांगतलंस?" बाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या पायरी उतरताना मी विचारलं, "बाई, ती शाळेत जाते?"

त्या पायरीवरच वळल्या. "ह्या तुका सांगूक मी कोण गो?" म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या.

मला तेवढंच हवं होतं. हो किंवा नाही. अजूनही शाळा सुटताना रस्त्यावर पोरींचा घोळका दिसला की मी चेहरे बघते, आणि मग आठवतं की शोधायचाही मला अधिकार उरलेला नाही.

मागच्या आठवड्यात शेजारची काकी रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आली. "अगो, तुझी ती बाई माका तळेऱ्याक तिठ्यार, एस.टी.च्या थांब्यार गावली. हातात शाळेच्या पुस्तकांचो गठ्ठो. दर बुधवारी एकाच गाडयेत चढता म्हणे. खंय उतारता, सांगू?"

"नको, काकी."

"अगो, वायट काय नाय. त्या गावात तिचा कोण—"

"काकी, नको सांगू."

काकी चिडली. "बघा! चांगला सांगूक गेलंय तर तोंड बंद करता." तरी तिला राहवेना. ती काउंटरवर पुढे वाकली. गावाचं नाव तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी मान फिरवली.